भौगोलिक विलगीकरणाने नवी जाती नेमकी कशी घडते?

प्रश्न : दहावी_विज्ञान (नाशिक)

मी नाशिकमधील एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठात जातीउद्भवाविषयी जे थोडके दिले आहे त्याचा आशय असा की, एकाच जातीच्या सजीवांचे दोन गट डोंगर, नदी किंवा समुद्र आड आल्यामुळे दीर्घकाळ एकमेकांपासून वेगळे राहिले, तर त्यांच्यापासून कालांतराने वेगवेगळ्या जाती निर्माण होऊ शकतात. परीक्षेसाठी एवढे पुरेसे आहे. परंतु यंदाच्या वर्गात दोन प्रश्न असे आले की, त्यांची दोन वाक्यांत बोळवण करणे मला प्रशस्त वाटले नाही.

पहिला प्रश्न असा की, अंजनेरी आणि चांदवडचे डोंगर यांच्यामध्ये एवढा मोठा सपाट मुलूख पसरलेला असताना दोन्हीकडे कुंपणावर दिसणारा सरडा एकच कसा? दुसरा प्रश्न मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारला. दोन गट वेगळे झाले म्हणून ते बदललेच पाहिजेत असे बंधन कुठून आले? समजा, दोन्ही डोंगरांवर पाऊस सारखा, खडक सारखा आणि खायला किडेही तेच असतील, तर प्राणी दोन्हीकडे जसाच्या तसा का राहू नये?

गालापागोस बेटांवरील फिंच पक्ष्यांचे उदाहरण मुलांना पाठ आहे, त्यामुळे ते पुन्हा सांगून भागणार नाही. शक्यतो आपल्या परिसरातील उदाहरणे आणि त्यामागील कार्यकारणभाव जाणकारांनी सविस्तर समजावून सांगावा, ही विनंती.

उत्तर : निवृत्त_प्राणिशास्त्र

बाई, आपल्या विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे आणि बहुतेक पुस्तके त्याला बगल देतात, म्हणून आरंभ तिथूनच करतो. वेगळे पडणे ही स्वतः बदल घडवून आणणारी शक्ती नव्हे. बदल तसाही होतच असतो. प्रत्येक पिढीत जनुकांमध्ये लहानसहान उत्परिवर्तने होतात. त्यांतील बरीचशी निरुपद्रवी असतात, काही घातक ठरतात आणि एखादेच उपयोगी पडते. गट एकसंध असेपर्यंत ही उत्परिवर्तने पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मिसळत राहतात, आणि मिसळताना त्यांची एकमेकांशी गाठही पडत असते. जे नवे जनुक इतरांशी जुळत नाही ते आपोआप मागे पडते. अडथळ्यामुळे थांबते ते हे मिसळणे, आणि त्याबरोबर ही पारखही.

हे फळ्यावर मांडून दाखवता येते. मूळ गटातील प्रत्येक जीवात ‘क’ आणि ‘ख’ अशी दोन जनुके आहेत असे धरा. गटाचे दोन भाग झाले. पहिल्या डोंगरावर ‘क’चे ‘का’ झाले, ते ‘ख’बरोबर व्यवस्थित चालले आणि हळूहळू सर्वांमध्ये पसरले. दुसऱ्या डोंगरावर ‘क’ तसेच राहिले, मात्र ‘ख’चे ‘खा’ झाले, आणि तेही ‘क’बरोबर बिनतक्रार चालले. दोन्हीकडे कोणत्याही पिढीत काहीही बिघडलेले नाही. परंतु ‘का’ आणि ‘खा’ ही जोडी एका शरीरात कधी एकत्र आलेलीच नाही. पुढे हे गट पुन्हा भेटून त्यांचा संयोग झाला, तर संततीमध्ये ती दोन जनुके प्रथमच समोरासमोर येतात, आणि ती न जुळल्यास संतती दुबळी किंवा वांझ निपजते. विल्यम बेटसन यांनी 1909 मध्ये या कल्पनेची रूपरेषा मांडली होती; 1930 च्या व 1940 च्या दशकांत थिओडोसियस डोब्झान्स्की आणि हर्मन मुलर यांनी तिला नीट आकार दिला. या मांडणीत पाऊस, खडक किंवा खाद्य वेगळे असण्याची अट कुठेही आलेली नाही, हे आपल्या विद्यार्थ्याला आवर्जून दाखवावे. दोन्हीकडे सारखीच परिस्थिती असली तरी कोणते उत्परिवर्तन कुठे आणि कोणत्या क्रमाने होईल, हे सारखे असू शकत नाही. शिवाय गट लहान असेल तर एखादे जनुक निव्वळ योगायोगानेही सर्वत्र पसरते किंवा नाहीसे होते.

तरीही परिस्थिती वेगळी असली की काम पुष्कळ लवकर होते, हेही तितकेच खरे. डायेन डॉड या संशोधिकेने 1989 मध्ये प्रसिद्ध केलेला फळमाश्यांवरचा प्रयोग याबाबत फार बोलका आहे. एकाच मूळ गटातील माश्यांचे काही गट स्टार्चयुक्त अन्नावर आणि काही माल्टोजयुक्त अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळे वाढवले गेले. नंतर त्यांना एकत्र सोडले असता स्टार्चवर वाढलेल्या माश्यांनी बहुतांशी स्टार्चवरच्याच आणि माल्टोजवरच्यांनी माल्टोजवरच्याच जोडीदारांची निवड केली. उलट, वेगवेगळे ठेवलेले, परंतु एकाच प्रकारच्या अन्नावर वाढलेले गट एकत्र आणले तेव्हा अशी आवडनिवड दिसली नाही. म्हणजे तेवढ्या अल्प काळात नुसत्या विलगीकरणाने फारसे काही साधले नाही. अन्नातील फरकाने मात्र जोडीदाराच्या निवडीपर्यंत परिणाम घडवला. अन्न पचवण्यासाठी झालेल्या बदलांबरोबर जोडीदाराची आवड आनुषंगाने बदलली. तिच्यासाठी कोणी वेगळी निवड केलेली नव्हती.

निसर्गातील सर्वांत स्वच्छ दाखला पनामाच्या संयोगभूमीचा आहे. सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी ती भूमी पूर्णपणे वर आली आणि कॅरिबियन समुद्र व प्रशांत महासागर यांतील पाण्याचा संबंध तुटला. तेथील नांगी आपटून आवाज करणाऱ्या कोळंबीच्या जातींच्या जोड्या आजही दोन्ही किनाऱ्यांवर आढळतात. प्रत्येक जोडीतील एक भावंड इकडे, दुसरे तिकडे. नॅन्सी नोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवले की, या भावंडांना एका टाकीत ठेवले तर ती बहुधा एकमेकांशी जुळवून घेत नाहीत, आणि ज्यांच्यातील जनुकीय अंतर अधिक त्यांच्यातील वैरही अधिक. मला यातील सर्वांत उद्बोधक भाग असा वाटतो की, सगळ्या जोड्या एकाच दिवशी वेगळ्या झालेल्या नाहीत. खोल पाण्यातील जाती भूमी वर येत असतानाच, बऱ्याच आधी दुरावल्या, तर खारफुटीच्या उथळ पाण्यात राहणाऱ्या सर्वांत शेवटी. एकाच अडथळ्याने प्रत्येक प्राण्याला वेगवेगळ्या वेळी अडवले.

उत्तर : भीमाशंकर_ते_साल्हेर

सरांनी शेवटी जे म्हटले आहे तेच सरड्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. अडथळा नकाशात शोधून सापडत नाही. तो त्या प्राण्याच्या जगण्यात शोधावा लागतो. कुंपणावरचा सरडा बांधावर, बाभळीवर, शाळेच्या आवारात, कुठेही राहू शकतो. त्याच्या दृष्टीने अंजनेरी ते चांदवड हा सलग वस्तीचा प्रदेश आहे. एकाच सरड्याने तेवढे अंतर कापण्याची गरज नसते, पिढ्यांमागून पिढ्या शेजारच्या बांधापर्यंत पोहोचल्या तरी जनुके पुढे सरकतात. (विद्यार्थ्याने पाऊस सारखा आहे असे गृहीत धरले आहे, ते केवळ युक्तिवादापुरते ठेवावे. त्र्यंबकचा पाऊस आणि चांदवडचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.)

आता तोच मुलूख शेकरूच्या दृष्टीने पाहा. शेकरू जवळजवळ संपूर्ण आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर काढते, घरटे तिथेच बांधते आणि फांदीला फांदी लागत असेल तोवरच निर्धास्तपणे पुढे जाते. भीमाशंकरचे शेकरू आणि सातपुड्यातील शेकरू यांच्यामध्ये उघडा, कोरडा मुलूख आहे, आणि तो पार करणे त्याला दुरापास्त आहे. परिणामी वेगवेगळ्या जंगलांतील शेकरांच्या रंगांत ठळक फरक पडलेले आहेत आणि त्यांच्या उपजाती मानल्या जातात. जाती मात्र अद्याप एकच आहे. विलगीकरण झाले म्हणजे नवी जाती झालीच असे नव्हे, याचे हे आपल्या राज्यप्राण्याचेच उदाहरण वर्गात देता येईल.

याहून बांधलेला प्राणी म्हणजे घाटातील गोड्या पाण्याचा खेकडा. समुद्रातील खेकड्याची अंडी फुटली की सूक्ष्म पिल्ले पाण्यावर तरंगत दूरवर जातात. डोंगरातील खेकड्याचे तसे नाही. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडे खेकडी धरणाऱ्या कोणालाही विचारा: मादीच्या पोटाखालची झडप उचलली की, दोन-चार मिलिमीटरची, परंतु नांग्यांसह पूर्ण खेकड्याचाच आकार असलेली पिल्ले तिला चिकटलेली दिसतात. ती तिथून उतरतात ती त्याच ओहोळात. शेजारच्या खोऱ्यात जाण्यासाठी मधला कोरडा माथा ओलांडणे हाच मार्ग उरतो. 2016 मध्ये पश्चिम घाटातून अशा खेकड्यांच्या पाच नव्या जातींची नोंद झाली, तीत आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

नद्यांविषयी एक वाक्य. नाशिकपाशी गोदावरी कोणत्याही प्राण्याला अडवण्याइतकी मोठी नाही. काँगो नदीने मात्र चिंपांझी आणि बोनोबो यांना वेगळे केले, कारण ही दोन्ही वानरे पोहत नाहीत आणि नदी प्रचंड आहे.

प्रतिसाद : द्राक्षबाग_दिंडोरी

वरील विवेचन पटले, तरी एक शंका आहे. आमच्या बागेत ‘डॉगरिज’चा खुंट आहे आणि वर ‘थॉमसन’चे डोळे भरलेले आहेत. खुंट अमेरिकेतील रानवेलींच्या वंशातला, तर वरची वेल युरोप व पश्चिम आशियातील. या दोघींमध्ये अटलांटिक महासागर किती लाख वर्षांपासून आहे! याहून मोठे विलगीकरण कोणते असणार? तरीही कलम बिनदिक्कत जमते, आणि ऐकिवात आहे की, त्यांचा संकरही होतो. मग ‘का’ आणि ‘खा’ यांचे भांडण इथे का झाले नाही?

उत्तर : निवृत्त_प्राणिशास्त्र

दिंडोरीकरांनी नेमके दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. प्रथम एक भेद करावा लागेल: कलम जमणे हा संकराचा पुरावा नव्हे, कारण कलमात खुंट आणि डोळा आपापली जनुके राखून एकत्र राहतात, त्यांचे मीलन होत नाही. परंतु संकराविषयी आपण म्हणता ते खरेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा या मुळांतील रस शोषणाऱ्या किडीने फ्रान्समधील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा अमेरिकन खुंटांवर युरोपीय वेलींची कलमे तर करण्यात आलीच, शिवाय दोन्हींच्या संकरातून कितीतरी नवी वाणे तयार करण्यात आली, आणि त्यांना फळे व सकस बी दोन्ही धरले.

समुद्राने या वेलींना दीर्घकाळ वेगळे ठेवले, आणि त्या काळात बदल झाला तो मुळांमध्ये. अमेरिकेतील वेली त्या किडीच्या सहवासात वाढल्याने त्यांची मुळे तिला दाद देत नाहीत, तर युरोपच्या वेलीने ती कीड कधी पाहिलीच नव्हती. परागकण आणि बीजांड यांच्यातील जुळणी मात्र शाबूत राहिली. दोन्ही गट कधी भेटतच नसल्याने ती जुळणी मोडावी असा कोणताही दाब नव्हता, आणि योगायोगाने मोडण्याइतकी विसंगत जनुकेही बहुधा साठली नाहीत. वनस्पतींमध्ये असे वारंवार दिसते. पूर्वेकडील आणि अमेरिकेतील प्लेन वृक्षांच्या संकरातून झालेला वृक्ष लंडनच्या रस्त्यांवर सर्रास आढळतो.

अर्न्स्ट मायर यांनी 1942 मध्ये दिलेली जातीची व्याख्या अशी आहे की, जे गट निसर्गात आपापसांत प्रजनन करतात किंवा करू शकतात आणि इतर गटांपासून प्रजननदृष्ट्या वेगळे असतात, ती एक जाती. द्राक्षवेलींना ही व्याख्या घट्ट होते. वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे रूप, अधिवास आणि वंश यांचा आधार घेतात, आणि माझ्या मते त्यात गैर काही नाही. व्याख्या आपण केलेल्या आहेत. वेलींनी त्यांना संमती दिलेली नाही.

उत्तर : कातळसडा

नाशिकचे उदाहरण मागितले आहे, तर अंजनेरीच्या कंदीलपुष्पाला वगळून चालणार नाही. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही जाती अंजनेरीच्या डोंगरावरून 2006 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रथम वर्णिली गेली. मात्र हे उदाहरण वर्गात देताना थोडी सावधगिरी बाळगावी लागेल.

कंदीलपुष्पाच्या सर्व जातींच्या बियांना रेशमी केसांचा झुबका असतो आणि वाऱ्याबरोबर त्या सहज उडून जातात. तेव्हा ‘बी पलीकडच्या डोंगरावर पोहोचू शकत नाही’ असे सरळसोट स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. अडचण पोहोचण्यापेक्षा रुजण्याची आहे. कातळावर साठलेली बोटभर माती, पावसाळ्यातील धुके आणि पुढचे कोरडे महिने कंदाच्या आधारे जमिनीखाली काढण्याची सोय, एवढे सगळे जिथे जुळते अशा जागा माथ्यांवर विखुरलेल्या आहेत. मधल्या शेतजमिनीत पडलेली बी वाया जाते. हे डोंगर मुळात वेगवेगळे नव्हते, हेही मुलांना सांगता येईल. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे सलग पठार नद्यांनी कोरत नेले, आणि जे उरले त्याला आपण अंजनेरी, ब्रह्मगिरी, साल्हेर अशी नावे देतो.

शिवाय या फुलाची स्वतःची एक वेगळी भिंत असते. फुलाच्या नळीत शिरलेल्या बारीक माशीला आतील खाली वळलेले केस बाहेर येऊ देत नाहीत. काही काळाने केस कोमेजतात आणि माशी परागपुंज घेऊन सुटते. नळीची लांबी-रुंदी किंवा गंध किंचित बदलला तर येणारी माशीच बदलू शकते, आणि मग शेजारी उगवलेल्या दोन वेलींमध्येही परागांची देवाणघेवाण थांबू शकते. म्हणजे डोंगरांमधील अंतराने सुरू केलेले काम पुढे फूल स्वतःच पूर्ण करू शकते.

सावधगिरीचा मुद्दा असा. एखादी जाती एकाच डोंगरावर आढळते, यावरून ती तिथेच विलगीकरणाने घडली असे सिद्ध होत नाही. ती पूर्वी दूरवर पसरलेली असून आता एवढ्याच जागी शिल्लक राहिली असेल, हीही शक्यता तितकीच खरी असते. या दोहोंतील निवाडा जवळच्या जातींचे जनुकीय नाते पाहूनच करता येतो. मुलांना प्रत्यक्ष दाखवायचे झाल्यास पायवाट सोडू नये आणि कंद उकरून पाहण्याचा मोह तर मुळीच होऊ देऊ नये. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

प्रतिसाद : दहावी_विज्ञान (नाशिक)

सर्वांची आभारी आहे. ‘क-का, ख-खा’ची मांडणी फळ्यावर उतरवणार आहे. एक पूरक प्रश्न विचारते, कारण तो वर्गात येणारच: महामार्ग, धरणे, वाढते शहर यांमुळे आज प्राण्यांचे गट तुटत आहेत. त्यामुळे यापुढे नव्या जाती वेगाने तयार होतील का?

उत्तर : भीमाशंकर_ते_साल्हेर

तसे होण्याचा संभव फार थोडा आहे. विलगीकरणाला फळ येण्यासाठी दोन्ही बाजूंचे गट हजारो पिढ्या टिकून राहावे लागतात. रस्त्याने किंवा वस्तीने तोडलेल्या तुकड्यात प्राणी मोजकेच उरले, तर रक्ताच्या नात्यातच पैदास होऊ लागते, संततीतील दोष वाढतात आणि एखाद्या दुष्काळी वर्षात वा रोगाच्या साथीत तो गट संपूनही जातो. नवी जाती होण्याच्या फार आधी असलेला गट नाहीसा होतो.

मात्र प्रत्येक तुटलेला मुलूख सर्वांनाच तोडतो असेही नाही. निफाड-सिन्नरकडच्या उसात वाढणारे बिबटे रात्री रस्ते आणि शिवारे ओलांडून जातात. त्यांचे विलगीकरण झाले असे म्हणणे कठीण आहे. हिवाळ्यात नांदूर-मध्यमेश्वरला उतरणाऱ्या बदकांना तर हिमालयही आडवा येत नाही.

वेगाविषयी म्हणाल तर एक अपवाद सांगण्याजोगा आहे, आणि त्यासाठी गालापागोसला परत जाणे भाग आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य 1973 पासून तेथील डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावरील फिंच पक्ष्यांचा अभ्यास करत आले. 1981 मध्ये 100 किलोमीटरहून अधिक अंतरावरील एस्पान्योला बेटावरून एक मोठा नर तिथे आला आणि स्थानिक जातीच्या मादीशी त्याने जोडी जमवली. त्याच्या वंशजांची चोच आणि गाणे स्थानिकांपेक्षा वेगळे होते. त्यामुळे थोड्याच पिढ्यांत ते केवळ आपापसांत पैदास करू लागले. 2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा जनुकीय वृत्तान्त प्रसिद्ध झाला. इथे समुद्राने नराचा परतीचा मार्ग बंद केला एवढेच. पुढचे विलगीकरण एकाच बेटावर, त्याच झुडपांत, चोच आणि गाणे यांनी केले. आपला विद्यार्थी यावर तिसरा प्रश्न विचारील की, मग या वंशाला आजच नवी जाती म्हणायचे की नाही. खुद्द संशोधकांनी त्याला अजून रीतसर शास्त्रीय नाव दिलेले नाही, आणि ते आपसांत त्याचा उल्लेख ‘बिग बर्ड’ असाच करतात.